रिकामा डबा

आपल्या घरांत साठवणीच्या फडताळात सहसा न सापडणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे रिकामा डबा. तांदळाच्या डब्यात तळाला चार मुठी राहिल्या की आपण नवी पिशवी त्यावरच ओततो. डाळीचं, रव्याचं, साखरेचं तेच. यामागे थोडा आळस असतो आणि थोडी श्रद्धाही. धान्याचा डबा पूर्ण रिता करू नये, तळाला मूठभर तरी ठेवावं, ही रीत अनेक घरांत अजून पाळली जाते. तिला हसण्याचं कारण नाही. वर्षभराचं धान्य ज्यांनी एका हंगामावर काढलं, त्यांना कोठीचा तळ दिसणं ही भीतीचीच गोष्ट होती. पण तळाशी राहिलेल्या त्या मुठीत काय काय असतं, हे एकदा नीट पाहायला हवं. घरगुती साठवणीचे निम्मे प्रश्न तिथेच जन्म घेतात.

आधी तांदळातला सोंडा घेऊ. सोंडेसारखं लांब तोंड असलेला हा काळपट किडा. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि चिकट स्रावाने ते भोक बुजवून टाकते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. अळी आत जन्मते, आतलं पीठ खाते, आतच कोष करते आणि साधारण महिन्याभराने पूर्ण वाढलेला किडा दाणा फोडून बाहेर येतो. एक मादी आयुष्यभरात अशी शेकड्यांनी अंडी घालते. तिशीच्या आसपासचं तापमान आणि दमट हवा असली की तिला आणखी काही लागत नाही, आणि कोकणपट्टीतल्या स्वयंपाकघरात या दोन्ही गोष्टी वर्षातले बरेच महिने फुकट मिळतात. आपण डबा उघडतो, चार सोंडे दिसतात, ते वेचून टाकतो आणि काम झालं असं समजतो. प्रत्यक्षात पुढची पिढी दाण्यांच्या आत शांतपणे जेवत असते.

कडधान्याचा भुंगा वेगळा. मूग, चवळी, हरभऱ्यावर कधीकधी पांढरे ठिपके चिकटलेले दिसतात, ती त्याची अंडी. अळी तिथून सरळ दाण्यात शिरते आणि भुंगा बाहेर पडताना गोल भोक पाडून जातो. मोठा झालेला भुंगा साठवलेलं धान्य खात नाही. नासधूस सगळी अळीपणी होऊन गेलेली असते. याची लागण अनेकदा शेतातच, शेंग उभी असताना होते. म्हणजे नव्याकोऱ्या पाकिटातून तो आपल्या घरी येऊ शकतो, आणि ‘दुकानदारानं जुना माल दिला’ हा आरोप दर वेळी खरा नसतो. सोललेल्या डाळीला हा भुंगा अख्ख्या कडधान्यापेक्षा कमी लागतो. जास्त दिवस ठेवायचं तर डाळ करून ठेवण्याची जुनी रीत त्यामुळे शहाणपणाची ठरते.

तिसरा पिठातला तांबूस, चपटा, जेमतेम तिळाएवढा किडा. याला अख्खा दाणा फोडता येत नाही. म्हणून तो पीठ, रवा, मैदा, कणी आणि दाण्यांचा चुरा शोधत असतो. गहू वर्षभर टिकतो आणि त्याचंच पीठ दोन महिन्यांत किडतं, याचं एक कारण हे. शिवाय रव्यात जाळी करणारी अळी आहे, ती पतंगाची. आणि हळद, धने, मिरच्या पोखरणारा तपकिरी किडा तर तंबाखूसुद्धा सोडत नाही. त्याला आपल्या लाल तिखटाचा काय ठसका लागणार!

आता तळाची मूठ पुन्हा पाहा. तिच्यात चुरा आणि पिठूळ भुकटी सगळ्यात जास्त असते. जड कचरा खाली बसतो, अंडी आणि कोष डब्याच्या कडेच्या दुमडीत चिकटलेले असतात. आपण त्यावर पाच किलो नवा तांदूळ ओततो, म्हणजे तळाच्या किड्यांना नवी पंगत वाढतो. रीत मोडायची नसेल तर मूठ मोडू नका, जागा बदला. ती मूठ वाटीत काढा. डबा घासा, उन्हात पूर्ण वाळू द्या, कडांवरून कोरडं फडकं फिरवा. नवा तांदूळ भरा आणि मूठ निवडून सगळ्यात वर ठेवा. ती पहिल्या भातालाच जाईल. शकुनही राहिला आणि जुनं आधी संपलं. किराणा दुकानदार आणि औषधविक्रेते आधी आलेला माल आधी विकतात, तोच हा नियम.

जुन्या घरांत हे आपोआप घडत असे. धान्य कणगीत, पत्र्याच्या कोठीत किंवा वाड्याच्या भिंतीतल्या बळदात भरलेलं असे आणि नवं पीक येईपर्यंत ते संपत आलेलं असे. मग कणगी झाडायची, शेणामातीनं पुन्हा सारवायची, वाळवायची आणि नवं भरायचं. वर्षातून एकदा साठवण रिती होई. उन्हाळ्यात गहू, डाळी, मिरच्या यांना ऊन दाखवणं, हळद-तिखट कुटून आणणं, पापड-कुरडया-सांडगे घालणं ही सगळी कामं पावसाआधी उरकली जात. जमिनीखालच्या पेवांची तऱ्हा तर अजब. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. पेवाचं तोंड बंद केलं की आतला माल आणि त्यातले जीव श्वासोच्छ्वास करून प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे गुदमरून मरतात. उघडल्यावर लगेच पेवात उतरणारी माणसंही याच कारणानं दगावलेली आहेत, म्हणून तोंड काही काळ मोकळं ठेवून, आत कंदील सोडून, तो विझत नाही हे पाहूनच उतरायची पद्धत. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने आफ्रिकेतल्या चवळी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी तीन थरांच्या हवाबंद पिशव्या तयार केल्या, त्यांचं तत्त्वही पेवाचंच आहे.

आपल्या डब्यांना मात्र ‘हवाबंद’ म्हणायचं ते कौतुकानं. स्टीलच्या डब्याचं झाकण कितीही घट्ट बसलं तरी हवा जाते-येते. आणि खरोखर घट्ट झाकणाची बरणी असली तरी ती अर्धी रिकामी झाली की वरच्या अर्ध्या भागात किड्यांना पुरेल इतकी हवा असतेच. म्हणून एका मोठ्या डब्याऐवजी दोन लहान डबे केव्हाही चांगले. एक गच्च भरून बंद, दुसरा रोजच्या वापराचा. रोजचा संपला की धुऊन वाळवायचा, तोवर दुसरा उघडायचा. डबा रिकामा होण्याची सोय इतक्या साध्या उपायाने होते.

कोणत्या मापाचे डबे घ्यायचे, इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. आपल्या आज्या-पणज्या पायली, आधुली, शेर, चिपटं यांनी धान्य मोजत, आणि ही मापं आकारमानाची होती. पायलीत जे मावलं ते पायलीभर, आणि कोणत्या मडक्यात किती पायल्या बसतात हे बाईला पाठ. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापं आली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून किराणा किलोवर मिळू लागला. डबा मात्र अजून आकारमानाचाच आहे, त्यामुळे ‘पाच किलोचा डबा’ या बोलण्याला फारसा अर्थ नाही. एक किलो तांदूळ, तूरडाळ किंवा साखर साधारण सव्वा लिटर जागा घेते. गव्हाचंही जवळपास तेवढंच. कणीक मात्र न दाबता भरली तर किलोला दोन लिटरच्या आसपास जागा मागते. शेंगदाणे दीड लिटरच्या थोडं वर. पोह्यांना याहून बरीच जास्त, आणि चुरमुऱ्यांचा तर हिशेबच करू नये. दुकानात डबा घेताना तळावरचा लिटरचा आकडा वाचा, घरी येऊन हात कपाळाला लावायची वेळ येणार नाही. स्वयंपाकात आपण अजूनही आकारमानातच विचार करतो. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकाने घराघरात जागा मिळवली ती वाटी-चमच्याच्या मापांवर, तराजूवर नव्हे.

पण डब्यांच्या आधी एक प्रश्न येतो: घरात किती ठेवायचं? वर्षाची बेगमी करण्याची सवय मनात आहे, फडताळ फ्लॅटमधलं आहे आणि दुकान जिन्याखाली आहे. या तिघांचं जमत नाही. माझं मत सरळ आहे. ज्याला हंगाम आहे तेच हंगामाच्या हिशेबाने घ्यावं, बाकी महिन्याच्या. गहू, तांदूळ, चिंच, मिरची, हळद, गूळ यांना हंगाम आहे, त्यांच्या भावात आणि प्रतीत फरक पडतो. तांदूळ तर जुना झाल्यावर सुधारतो, पाणी जास्त ओढतो आणि भात मोकळा होतो. उकडीच्या मोदकांना मात्र नवाच हवा. याउलट ज्यात तेल आहे ते थोडंच आणावं. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे, सुकं खोबरं यांतलं तेल हवा, उजेड आणि उष्णता लागून खवट होतं. कूट करून ठेवला तर आणखी लवकर. बाजरीचं पीठ कडू होतं हे घरोघरी माहीत असतं. बाजरीत स्निग्धांश बराच असतो आणि दळल्यावर दाण्यातलंच विकर त्या तेलाचं विघटन करू लागतं. म्हणून बाजरी महिनाभराची आणली तरी दळण आठवड्याचंच करावं. बुरशी लागलेला, काळसर, कडू शेंगदाणा तर निवडून नव्हे, टाकूनच द्यावा. शेंगदाण्यावरच्या बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही.

किडीखालोखाल त्रास दमटपणाचा. धान्यात पाण्याचा अंश १२ टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी सहसा धरत नाही. दाणा दाताखाली ‘कट्’ आवाज करून तुटला पाहिजे, ही जुनी परीक्षा त्याचीच. हवेचा दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं. साखर थोडी चिवट, ती ८५ टक्क्यांपर्यंत तग धरते. गुळात साखरेचं विघटन होऊन तयार झालेल्या शर्करा असतात, म्हणून तो या दोघांच्या आधीच घाम गाळतो. मुंबईत जुलैमध्ये हवा सरासरी ८० टक्क्यांच्या वर दमट असते. त्यामुळे मिठाची बरणी पाझरू लागली की समजावं, आता पापड, रवा आणि पोह्यांचीही पाळी आहे. ही बरणी आपली फुकटची आर्द्रतामापक. मीठ आणि लोणचं धातूच्या डब्यात ठेवू नये, हे मात्र आर्द्रतेसाठी नाही. मीठ आणि आंबट धातूला खातात, म्हणून चिनी मातीची किंवा काचेची बरणी.

ऊन दाखवायलाही थोडी अक्कल लागते. गहू, डाळी, कडधान्यं कडक उन्हात पसरावीत, तांदूळ मात्र सावलीत. उन्हात तो तडकतो आणि शिजताना त्याची कणी होते. उन्हातलं धान्य गरम असतानाच डब्यात भरलं तर आत वाफ धरते आणि केलेलं काम उलटं होतं. संध्याकाळपर्यंत गार होऊ द्यावं. रवा आणल्याबरोबर मंद आचेवर भाजून ठेवणं हा अंडी मारायचा उत्तम उपाय आहे. भाजायचा नसेल तर पाकीट तसंच चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवावं, आणि बाहेर काढल्यावर घराच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर गार रव्यावर दव धरतं.

एवढं झाल्यावर मांडणीचं काम सोपं आहे. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वस्त्यांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. सुमारे ६ फूट रुंद आणि ११ फूट लांब, म्हणजे मुंबईच्या वन-बीएचकेत राहणाऱ्याला अगदी ओळखीचं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. त्यात तांदूळ, साखर वगैरेंसाठी नावं घातलेले ॲल्युमिनियमचे ओढायचे डबे होते, ओतायला चोच असलेले. पिठासाठी ओकच्या लाकडाचा खण केला होता, कारण ओकमुळे पिठातल्या अळ्या दूर राहतात असं मानलं जाई. घड्याळ लावून बायकांच्या हालचाली मोजण्याचा त्या काळातला अभ्यास बाईंनी पुरता पचवला होता. तरी डबे इतक्या खाली बसवले की लहान मुलांचे हात सहज पोचत, आणि नावं आधीच ठरलेली. घरात येणारा जिन्नस त्या नावांप्रमाणे येईलच असं नाही. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की लेबल चिकटवावं, कोरू नये. कागदाची पट्टी, त्यावर जिन्नस आणि भरल्याची तारीख. पाकिटावरची तारीख कापून डब्यातच टाकली तरी चालेल. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्यानंतर चव-प्रत कमी होऊ शकते, आणि ‘एक्सपायरी’ म्हणजे त्यानंतर खाऊच नये, हा फरकही ध्यानात असू द्या.

रोज लागणारं कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात, जड खाली, हलकं आणि सणासुदीचं वर. गॅसच्या वरचं कपाट मसाल्यांना सगळ्यात सोयीचं वाटतं आणि सगळ्यात वाईट असतं. वाफ, उष्णता, तेलकट धूर, सगळं तिथंच. लाल तिखटाचा रंग उजेडानं उडतो, मसाल्याचा वास उष्णतेनं. वर्षाचा गोडा मसाला किंवा मालवणी मसाला हिंगाचे खडे घालून अंधाऱ्या जागी ठेवावा आणि महिन्यापुरता लहान बाटलीत काढावा. सिंकखालच्या जागेत काहीही खाण्याचं ठेवू नये. कांदे-बटाटे टोपलीत, मोकळ्या हवेत, पण एकमेकांपासून लांब. बटाटा उजेडात हिरवा पडला तर तेवढा भाग तरी कापून टाकावा, खूप हिरवा असेल तर सगळाच.

आजच्या मॉड्युलर किचनची खरी अडचण म्हणजे कपाटांची खोली. ओट्याखालचं कपाट दोन फूट खोल असतं, आणि त्यात मागे गेलेला डबा दिवाळीलाच दिसतो. जुनं फडताळ फूटभर खोल असायचं, एका ओळीत सगळं समोर. त्यामुळे खोल कपाटात उभे कप्पे न करता ओढायचे खण करावेत आणि पट्टी डब्याच्या झाकणावर लावावी. उथळ फळीवर असेल तर समोर. एकसारख्या डब्यांचा सोस सोडला तरी चालेल. तेलाचे पत्र्याचे डबे आणि डालड्याचे डबे वापरून लोकांनी संसार केले ते दिसायला देखणे नव्हते, पण आत काय आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी. धान्यात पारद टिकड्या, म्हणजे पाऱ्याच्या गोळ्या टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पारा विषारी आहे आणि त्याची वाफ हळूहळू निघत राहते. बोरिक पावडर खाण्यात मिसळायचा पदार्थ नाही, धुतल्यावर जाते म्हणून चालते असं समजू नये. आणि गोदामातल्या धुरीच्या गोळ्या घरात आणणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यांतून निघणाऱ्या फॉस्फीन वायूने माणसं मेली आहेत. त्याऐवजी किलोभर कडधान्याला चहाचा चमचाभर एरंडेल किंवा खायचं तेल चोळून ठेवावं. तेलाचा पातळ थर अंड्यांपर्यंत हवा पोचू देत नाही, आणि हा उपाय शेतीशास्त्रज्ञांनी भुंग्यावर तपासून पाहिलेला आहे. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कडकडीत वाळलेला, ओला पाला किडीआधी बुरशीला बोलावतो.

हे सगळं एका रविवारी करायला बसू नका, दुपारपर्यंत ओट्यावर डबेच डबे आणि संध्याकाळी जेवण बाहेरून, एवढंच होईल. मे महिन्यात कडधान्यांच्या फळीपासून सुरुवात करा आणि पुढच्या महिन्याच्या यादीत ज्या डब्याचा तळ दिसत नाही तो जिन्नस लिहूच नका. घरात पारद टिकड्या सापडल्या तर त्या कचऱ्याच्या डब्यात किंवा मोरीत टाकू नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत बंद करून, तुटलेल्या थर्मामीटरसारख्याच, नगरपालिकेच्या घातक घरगुती कचऱ्यात वेगळ्या द्या.